मेढ की तळखडा?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मी एक लाकडी पेटी कोकणातून चंदीगडला आणली. मडगावहून सुटणारी आणि थेट चंदीगडला पोहोचणारी एक आगगाडी आहे. तिच्या डब्यात दोन बाकांच्या मधल्या जागेत ती पेटी जेमतेम बसली, आणि त्या प्रवासात माझ्या सहप्रवाशांचे पाय तिच्यावर किती वेळा आपटले याची गणती नाही. फणसाच्या फळ्यांची ती पेटी माझ्या वडिलांच्या हातची. आत त्यांची हत्यारे होती : दोन वाकस, तीन रंधे, पटाशांचा एक जुडगा, करवती, गिरमिटे, गुण्या, ओळंबा. त्या वर्षीच्या पावसाळ्यात वडील गेले. कुडाळजवळच्या आमच्या गावात पन्नास वर्षे त्यांनी सुतारकाम केले. गावातले असे एकही घर नसेल की ज्याच्या आढ्याला वा चौकटीला त्यांचा हात लागलेला नाही. आणि त्यांचा मुलगा मी, मला त्या पेटीतल्या निम्म्या वस्तूंची नावेसुद्धा धडपणे ठाऊक नव्हती.

यात दोष माझा एकट्याचा नाही. लहानपणी एकदा मी हौसेने वाकस उचलला, तेव्हा वडिलांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि ते म्हणाले, “तां तुजा काम न्हय.” आवाजात राग नव्हता. त्यांनी माझ्यासाठी निराळे काहीतरी मनाशी योजले होते, एवढेच. त्यांच्या योजनेप्रमाणे सारे घडले. मी इतिहास घेऊन एम.ए. झालो, परीक्षा दिल्या, सरकारी नोकरीत शिरलो, आणि आज चंदीगडमधल्या एका कचेरीत इतरांनी केलेल्या खर्चाचे हिशेब तपासतो. रंध्याच्या मुठीवर जे घट्टे त्यांच्या तळव्याला पडले, ते माझ्या मधल्या बोटाला लेखणीने पडले आहेत.

आम्ही राहतो ते घर माझ्या सासूबाईंचे. त्यांना घरात सगळे बीजी म्हणतात, मीही तसेच म्हणतो. दहा मरल्यांच्या, म्हणजे अडीचशे चौरस यार्डांच्या भूखंडावरचे हे जुने विटांचे घर आहे आणि त्याच्या मागल्या बाजूस फरसबंदी नसलेले एक छोटे परसू आहे. पेटी प्रथम जिन्याखाली ठेवली. पावसाळा सरल्यावर उघडून पाहिली, तो पटाशांवर तांबेरा चढलेला. त्या दिवशी मनाने घेतले की, परसात दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी एक छपरी उभारावी, तिच्यात एक कामाचे बाकडे ठेवावे, आणि चाळिशी उलटल्यावर का होईना, ही हत्यारे चालवायला शिकावे.

येथपर्यंत सारे सरळ होते. पुढचा प्रश्न मात्र मला वर्षभर पुरला. ही छपरी मी स्वतः बांधायची, की कोणाकडून बांधून घ्यायची?

आपल्याकडे या प्रश्नाचा फारसा विचार होत नाही, कारण उत्तर जातीने, वेतनाने किंवा प्रतिष्ठेने आधीच ठरलेले असते. ज्याला पैसा आहे तो बांधून घेतो. ज्याला नाही तो स्वतः बांधतो आणि ते कोणाला सांगत नाही. पाश्चात्त्य देशांत मध्यमवर्गीय माणूस रविवारी हातात हातोडी घेतो आणि ते अभिमानाने मिरवतो. तेथे, विशेषतः अमेरिकेच्या ग्रामीण भागात, जमिनीत खांब पुरून त्यांवर छप्पर घालण्याची एक सोपी पद्धत शेतकऱ्यांच्या कोठारांसाठी रूढ झाली. तिला पाया लागत नाही आणि भिंतींनाही भार घ्यावा लागत नाही. ही पद्धत मी वाचली तेव्हा हसू आले. कारण हे तर आमचे मेढीचे बांधकाम! वर दुबेळके असलेला खांब खड्ड्यात रोवायचा, त्या बेचक्यात आडवे लाकूड टाकायचे, की मांडव उभा. लग्नघरी पहिला खांब रोवतात तिला आपण मुहूर्तमेढ म्हणतो. आणि पुढे संस्था, चळवळी, कारखाने यांच्याही मुहूर्तमेढी आपण भाषेत इतक्या रोवल्या की, मेढ हे मुळात एक लाकूड आहे याचा विसर पडला.

परंतु आमच्याच गावी खांब उभा करण्याची दुसरी रीत आहे. घराचा खांब जमिनीत पुरत नाहीत. तो दगडावर उभा करतात. त्या दगडाला तळखडा म्हणतात. मांडव महिनाभराचा, म्हणून त्याला मेढ. घर पिढ्यान्‌पिढ्यांचे, म्हणून त्याला तळखडा. यात मोठे शहाणपण आहे. पुरलेले लाकूड कुजते ते नेमके जमिनीच्या पातळीला. खोल मातीत हवा कमी, वर ओल कमी. पण जेथे हवा, ओल आणि माती तिन्ही एकत्र येतात त्या वीतभर पट्ट्यात बुरशी आणि वाळवी यांना हवे ते सर्व मिळते. म्हणून बुंधा जाळून काळा करणे, डांबर लावणे, खड्ड्याच्या तळाशी खडी घालून पाण्याला वाट देणे असे उपाय लोक करत आले. त्यांनी आयुष्य वाढते, अमरत्व येत नाही. सागवान किंवा साल यांचे गाभ्याचे लाकूड पुष्कळ टिकते. पंजाबात ज्याला सफेदा म्हणतात त्या निलगिरीची सरळ सोटे येथे स्वस्तात मिळतात, पण ती वाळताना फाटतात. आणि पॉपलर तर मातीचा स्पर्शही सोसत नाही.

मग तळखडाच घ्यावा, असे कोणीही म्हणेल. तसे मीही म्हटले आणि कागद घेऊन बसलो. हिशेबतपासनिसाला कागद दिसला की धीर येतो. पण या कागदाने माझा धीर घालवला.

कोकणातल्या छपरावर नळे किंवा मंगलोरी कौले असतात. ते ओझे एवढे असते की, वाऱ्याने छप्पर उचलले जाण्याआधी त्याला त्या वजनाशी झगडावे लागते. माझ्या छपरीवर पडणार होता पत्रा. दहा बाय बाराचे छप्पर म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. त्यावरच्या पातळ पत्र्याचे वजन पन्नास किलोंच्या आसपास, म्हणजे एका किरकोळ अंगाच्या माणसाएवढे. आता वारा पाहा. भारतीय मानकांत चंदीगडसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 47 मीटर धरतात. तो रोजचा वारा नव्हे. पन्नास वर्षांत एखाद्या वेळी येईल अशा झोताचा वेग तो. त्या वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे 135 किलो. घरांच्या आडोशाने तो काहीसा उणा होईल हे खरे. तरी बाजू उघड्या असलेल्या छपरीला सवा ते दीड टनाच्या बळाने वर ओढण्याची ताकद त्याच्यात आहे. म्हणजे पन्नास किलोंचे छप्पर खांबांनी वर तोलून धरायचे, हा माझा समज मुळातच उलटा होता. खांबांचे खरे काम ते छप्पर खाली धरून ठेवण्याचे. मे-जून महिन्यांत या प्रदेशात आंधी येते. दुपारी चार वाजता दिवे लागावेत असा अंधार पडतो, धुळीची भिंत चालून येते, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात उडालेल्या पत्र्यांच्या बातम्या असतात. असा पत्रा शेजाऱ्याच्या अंगणात खेळणाऱ्या मुलावर पडला, तर तो मी स्वतःच्या हातांनी ठोकला होता हे समाधान कोणत्या उपयोगाचे?

रोवलेली मेढ अशा वेळी स्वतःच्या पायावर उभी राहते. तिला जमीन धरून ठेवते. नुसत्या तळखड्यावरचा खांब वाऱ्यासमोर बाहुलीसारखा उचलला जाईल. मेढ धरते पण कुजते. तळखड्यावर खांब टिकतो पण त्याला धरून कोणी नाही. या पेचात मी एक अख्खा हिवाळा काढला.

दरम्यान दुसराही प्रश्न उभा होता, आणि तो लाकडाचा नव्हता. चंदीगड हे काही मुक्तपणे वाढलेले गाव नाही. फाळणीत लाहोर गेले, पंजाबला राजधानी उरली नाही. तेव्हा हे शहर कागदावर आखून मग जमिनीवर उतरवण्यात आले. ल कॉर्बुझिए 1951 साली येथे आला. 1952 मध्ये शहराच्या बांधकामासाठी एक कायदा झाला आणि शहराभोवतीच्या पट्ट्यात मनमानी बांधकाम होऊ नये म्हणून त्याच वर्षी दुसरा. लहान घरांच्या दर्शनी भागाची चौकट कशी असावी, भिंती किती उंच असाव्यात, हेदेखील येथे ठरवून दिलेले होते. बीजी सांगतात की, घर बांधताना त्यांच्या यजमानांना रस्त्याच्या बाजूस एक जादा खिडकी हवी होती. ती मिळाली नाही, आणि त्या न झालेल्या खिडकीविषयी ते अखेरपर्यंत बोलत असत. अशा शहरात परसातली छपरीसुद्धा आधी विचारून बांधायची असते.

हे बोललो की येथला प्रत्येक मित्र एकच नाव घेतो : नेकचंद. सार्वजनिक बांधकाम खात्यातला हा साधा रस्ता-निरीक्षक. फाळणीत पलीकडले गाव सोडून आलेला. 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याने सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात, कोणाला न विचारता, दगडगोटे जमवायला आरंभ केला. सायकलवरून शिवालिकच्या नद्यांतले चित्रविचित्र गोटे आणायचे. उठवलेल्या गावांतल्या मोडक्या वस्तू, फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे गोळा करायचे. आणि कचेरीचे काम आटोपल्यावर त्यांतून माणसे, पक्षी, जनावरे घडवायची. वर्षानुवर्षे हे काम गुप्त राहिले. उघडकीला आले तेव्हा कायद्याने ते सारे पाडायला हवे होते. पाडले गेले नाही. 1976 साली ती बाग लोकांना खुली झाली, त्याला पगार चालू ठेवून तेच काम देण्यात आले आणि 1984 मध्ये तो पद्मश्री झाला. 2015 साली तो वारला. आज रॉक गार्डन पाहिल्यावाचून कोणी चंदीगडहून परत जात नाही.

मीही तेथे अनेकदा जातो. पण मित्र ज्या अर्थाने हे उदाहरण देतात तो मला मान्य होत नाही. परवानगीवाचून बांधणारे हजारो असतात. त्यांतल्या एकाच्या हातून रॉक गार्डन झाले म्हणून उरलेल्यांना सूट मिळत नाही. शिवाय त्याच्या बांधकामाखाली कोणाचे मूल झोपत नव्हते. मला नेकचंदपाशी थांबायला लावते ती निराळी गोष्ट. हा मनुष्य दिवसा सरकारी रस्त्यांची देखरेख करत होता, आणि त्याला तेवढे पुरत नव्हते. हे मी समजू शकतो. सरकारी माणसाच्या दिवसभराच्या श्रमाची, सायंकाळी हातात धरून पाहता येईल अशी एकही वस्तू उरत नाही.

उलट टोकाला ल कॉर्बुझिए. ज्याने हे अवघे शहर योजले त्याने स्वतःसाठी काय बांधले असेल? चंदीगडचे काम हाती घेतले त्याच सुमारास, 1951 च्या डिसेंबरात, भूमध्य समुद्राच्या काठी एका उपाहारगृहाच्या टेबलावर बसून पाऊण तासात त्याने एका लाकडी खोपट्याचा आराखडा काढला. बारा फूट लांब, बारा फूट रुंद. पत्नीच्या वाढदिवसाची भेट म्हणून. पुढल्या वर्षी ते उभे राहिले, आणि जवळच त्याने काम करण्यासाठी आणखी एक चिमुकली लाकडी खोली ठेवली. 1965 मध्ये त्याच समुद्रात पोहताना त्याला मृत्यू आला. जागतिक वारशाच्या यादीत 2016 साली त्याच्या सतरा कृतींचा एकत्र समावेश झाला. त्यात चंदीगडचा विधानभवन-सचिवालयांचा भव्य परिसर आहे आणि ते बारा फुटी खोपटेही आहे. पण मला महत्त्वाचे वाटले ते पुढचे. ते खोपटे त्याने स्वतः ठोकलेले नाही. कॉर्सिका बेटावरच्या एका सुताराच्या कारखान्यात त्याचे भाग तयार झाले आणि जाग्यावर आणून जोडले गेले. एवढा मोठा वास्तुशिल्पी. पण लाकूड कोणी कापायचे याविषयी त्याच्या मनात गोंधळ नव्हता.

माझ्या मनात होता. शेवटी मी ठरवले की, विचार पुरे झाला, प्रत्येक कामाचा एकेक नमुना करून पाहावा. एक खड्डा खणावा, एक जोड कापावा, एक खांब उचलावा.

खड्डा खणण्यात एक रविवार गेला. साडेतीन फूट खोल जायचे होते. अडीच फुटांवर विटांचे जुने तुकडे लागले, आणि पहारीचा प्रत्येक घाव खांद्यात उमटू लागला. बीजी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त ताकाचा पेला दोनदा भरून पाठवला. खड्डा दुसऱ्या रविवारी पुरा झाला. पाच इंच जाडीचा, अकरा-बारा फुटांचा सालाचा खांब पन्नास किलोंच्या घरातला. तो आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि माझ्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने, उभा केला. धरून ठेवताना मात्र समजले की, ओळंबा लावायला तिसरा हात लागतो आणि तिरके टेकू लावायला चौथा व पाचवा.

जोडाची कथा निराळी. खांबाच्या माथ्याला कुसू आणि तुळईत साळ, असा साधा जोड मी वडिलांच्या पटाशीने कापायला घेतला. चार सायंकाळी लागल्या. बसवून पाहिला, तर कुसू साळीत खुळखुळत होता. तो तुकडा पिशवीत घालून मी आमच्या भागातल्या एका वृद्ध सुतारमिस्त्रींकडे गेलो. त्यांनी तो डोळ्यांपाशी नेला, फिरवला, आणि विचारले, “साहेबजी, पटाशी कोणाची?” मी सांगितले. ते म्हणाले, “पटाशी उत्तम आहे. तिला धार नाही. आणि धार नसली की हात जोर लावतो, जोर लावला की रेघ चुकते.” मग त्यांनी एक पातळ पाचर काढली, माझ्या सैल जोडात ठोकली, आणि जोड बसला. माझी चूक त्यांनी दोन मिनिटांत झाकली. ती चूक काय आहे हेही दाखवले.

खांबांचा पेच मी त्यांच्यापुढे मांडला. त्यांचा पहिला सल्ला अर्थातच लोखंडी नळांचा होता : “चार दिवसांत उभे करून देतो, वाळवीची भानगड नाही.” मी पेटीविषयी सांगितले. लोखंडाच्या छपरीत ही हत्यारे ठेवायची, पण त्यांनी तिच्यातले काहीच घडवायचे नाही, हे माझ्या मनाला पटेना. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग जमिनीवर काडीने रेघा ओढू लागले. दीड फूट व्यासाचा, साडेतीन फूट खोल खड्डा काँक्रीटने भरायचा. अशा एका ठोकळ्याचे वजन सुमारे 400 किलो होते, हे मी घरी येऊन पडताळले. चार खांबांना चार ठोकळे. दीड टनाच्या ओढीला ते पुरून उरतात. काँक्रीट ओले असतानाच त्यात लोखंडाची जाड पट्टी रोवायची, वर दगड, दगडावर खांब, आणि पट्टी खांबाला बोल्टांनी जखडायची. लाकूड मातीपासून वीतभर वर. खांब आडवे डोलू नयेत म्हणून प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही दिशांना तिरकस कर्ण द्यायचे, आणि पत्र्याच्या कडांना व कोपऱ्यांना हुक दाटीने मारायचे, कारण वारा पत्रा सोलायला सुरुवात करतो ती तेथूनच. त्यांना तळखडा हा शब्द ठाऊक नव्हता. पण त्यांनी काढला तो तळखडाच होता. मेढीची पकड त्याला लोखंडाने दिली होती, एवढेच.

तेथेच माझा निर्णय झाला. ठोकळे, खांब आणि छप्पर मिस्त्रींनी करायचे. मी आणि मुलगा त्यांच्या हाताखाली राबायचे. शिडीवर मी चढायचे नाही, ही बीजींची अट. “बेटाजी, छतावर ज्याचे रोजचे पोट आहे त्याने चढावे,” असे त्या म्हणाल्या, आणि मी वाद घातला नाही. बाजूंच्या फळ्या, दार, मांडण्या आणि बाकडे मात्र माझे. त्यांतले काही वाकडे झाले तर ते कोणाच्या डोक्यावर पडणार नाही. खर्चाचा ताळेबंद मी मांडून पाहिला. अशा वाटणीने पैसे फारसे वाचत नाहीत, आणि माझ्या रविवारांची किंमत धरली तर तोटाच दिसतो. कचेरीत अशा प्रस्तावावर मी प्रतिकूल शेरा मारला असता.

नकाशासह रीतसर अर्ज दाखल केला आहे. अर्जाच्या टेबलापलीकडे बसण्याची सवय असलेल्या मला अलीकडे बसून वाट पाहणे काही दिवस जड गेले. नकार आला तर खोदलेला एक खड्डा बुजवावा लागेल. त्यात बीजी लिंबाचे झाड लावणार आहेत, रोपही त्यांनी पाहून ठेवले आहे. होकार आला तर आंधीचे दिवस संपल्यावर, पावसाआधीच्या कोरड्या आठवड्यात ठोकळे भरायचे. गावी चुलतभावाला पत्र टाकून मी पडक्या गोठ्यातला एक तळखडा मागवला आहे. उरलेले तीन दगड येथलेच असतील.

तोवर मिस्त्रींनी मला एक काम नेमून दिले आहे. रोज रात्री जेवणानंतर धारेचा दगड पाण्याने ओला करायचा आणि पेटीतली एक पटाशी घेऊन तिचा तांबेरा उतरवायचा, मग धार काढायची. पाते दगडावर नेमके किती कलते धरावे ते त्यांनी माझा हात धरून दाखवले. सात पटाशांपैकी तीन झाल्या आहेत. त्यांनी तपासल्या आणि एक परत दिली.